नऊ नंबरचं हृदय

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. एखादी बाई समोर येऊन “ओळखलंत का मला?” म्हणाली की मी हसून वेळ मारून नेते आणि मागून विचारत बसते, ही कोण होती. हृदयाचं मात्र तसं नाही. पडद्यावर एकदा पाहिलेलं हृदय मी दोन वर्षांनीही ओळखते. कुणाची झडप जराशी तिरकी उघडते, कुणाची भिंत एका बाजूने सुस्त असते. मी एका मोठ्या रुग्णालयात बावीस वर्षं इको करते. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. “आमच्या वहिनींना दूधवाला रस्त्यात भेटला तर त्या आधी त्याला शर्ट काढायला लावतील, मगच ओळखतील,” असं भाऊजी चारचौघांत सांगायचे आणि वर माझ्याकडेच टाळीसाठी हात पुढे करायचे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझा नवरा गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. पदरी मूल नाही, हाताला काम नाही. नातेवाईक आले, बसले, सल्ले देऊन गेले. भाऊजींनी सल्ला दिला नाही. त्यांनी या अभ्यासक्रमाचा फॉर्म आणला, माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, “वहिनी, रडून झालं की हा भरा.” तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. पुढे जाऊ घरात आली, सुरुवातीला आम्हा दोघांच्या थट्टामस्करीने बिचकली, मग तीही आमच्यातलीच झाली. आम्ही तिघं एकाच घरात राहायचो.

साथ आली तेव्हा रुग्णालयातले निम्मे विभाग बंद झाले आणि माझं काम तिप्पट झालं. या आजारात फुप्फुसं जातात हे एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं होतं. पण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मग त्यांच्यामागे हृदयाचा उजवा कप्पा फुगत जातो, हे बाहेरून दिसत नाही. ते बघायला इको लागतो. अशा पेशंटना दुसरीकडे हलवून मोठे स्कॅन करायची सोय नव्हती, वाटेतच जायचे. म्हणून मशीन ढकलत मीच त्यांच्याकडे जायचे. अंगावर तो पांढरा सूट, तोंडावर दोन मास्क, हातमोज्यांवर हातमोजे, डोळ्यांपुढे वाफ धरलेली प्लास्टिकची काच. दहा मिनिटांत आतल्या माणसाचा उकडलेला बटाटा होतो. मशीनलाही प्लास्टिक गुंडाळलेलं, कीबोर्डसकट. त्यावर पेशंटचं नाव आणि बारा आकडी नंबर टाइप करायचा म्हणजे एक अक्षर दाबलं की तीन उमटायची. आत जितका वेळ जास्त तितका आमच्या जिवाला धोका, म्हणून डॉक्टरांनी नियम घालून दिला होता: एका पेशंटला पाच मिनिटं, एक सेकंद जास्त नाही.

त्यातली दोन मिनिटं नाव टाइप करण्यात जायची. मग मी माझी युक्ती काढली. आत फक्त बेडचा नंबर टाकायचा. ‘९’ दाबलं की झालं. बाहेर यायचं, आंघोळ करायची, भिंतीवर लावलेली यादी बघायची, कुठल्या बेडवर कोण आहे ते पाहून सावकाश नावं भरायची. वाचलेल्या दोन मिनिटांत हृदय आणखी एका बाजूने बघून व्हायचं. ही युक्ती मी हाताखालच्या दोघी मुलींनाही शिकवली. डॉक्टरांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. कौतुक करायला त्या गृहस्थांना कधी वेळ लागत नाही, बाकी सगळ्याला लागतो. काहीही विचारा, “थोडं थांबू या” हे उत्तर ठरलेलं. आम्ही बायका पाठीमागे त्यांना ‘थांबूया’च म्हणायचो.

भाऊजींना ताप आला, दोन दिवसांत धाप लागली, आठव्या दिवशी नळी घालावी लागली. आमच्याच अतिदक्षता विभागात, चार नंबरच्या बेडवर. त्या दिवसापासून मला एकच काम होतं: त्यांना घरी परत न्यायचं. रोज सकाळी काचेतून एकदा डोकावायचं, काही दिसायचं नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन जावेला सगळं दिसल्यासारखं सांगायचं.

एका संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते तोच ती पुढ्यात उभी राहिली.

“ताई, चार नंबर कोपऱ्यात आहे ना?”

“कुणी सांगितलं तुला?”

“पलीकडच्या इमारतीतल्या बाई. त्यांचे सासरे होते तिथे. म्हणाल्या, खांबामागे आहे तो बेड, सिस्टरना बसल्या जागेवरून दिसत नाही. मशीन ओरडलं तरी कुणी पोचेपर्यंत वेळ जातो.”

“मशीन ओरडलं की सगळे पळतात. तू नको त्या बायकांचं ऐकत जाऊस.”

“सासरे गेले ना त्यांचे.”

मी चपला काढल्या, हात धुवायला गेले. ती मागोमाग आली.

“तुम्ही बावीस वर्षं आहात तिथे. एवढा शब्द टाकता येणार नाही तुम्हाला?”

“अगं, ते काय नाटकाचं थिएटर आहे का, पुढची खुर्ची मागायला? मी उठून एकाला हलवा म्हणायचं, तर दुसरा जाणार कुठे?”

ती खाली बसून भाऊजींचे धुतलेले बनियन घडी करायला लागली. तेरा दिवस तो माणूस घरात नव्हता आणि ही रोज त्याचे तेच चार बनियन धूत होती. मला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर त्या बाई काही खोटं बोलल्या नव्हत्या. चार नंबर खरंच खांबामागे होता. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि पहिल्या दिवसापासून माझ्याही जिवाला त्याचा घोर होता.

मी मोठ्या सिस्टरना फोन लावला.

“नऊ नंबर अगदी काउंटरसमोर आहे,” त्या म्हणाल्या. “तिथला पेशंट त्यातल्या त्यात बरा आहे. त्याला चारला टाकते, तुमच्या दिरांना नऊला आणते. तुम्ही सकाळी याल तोवर झालेलं असेल.”

“फार उपकार झाले सिस्टर.”

“उपकार कसले? तुम्ही नाही का माझ्या आईचा इको सुट्टीच्या दिवशी येऊन केलात?”

असा सौदा झाला. कुणाच्या तरी आईचा इको कधीतरी मी केला होता, म्हणून कुणा तिसऱ्याच माणसाला काउंटरसमोरून उचलून खांबामागे टाकायचं ठरलं. त्याला कुणी विचारलं नाही, तो शुद्धीवर नव्हता. मला तेव्हा त्याच्याबद्दल काहीसुद्धा वाटलं नाही. जावेला सांगितलं, ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. हे मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी सूट चढवून आत शिरले. यादीत पहिलाच नऊ नंबर होता, पहाटे रक्तदाब खाली आला म्हणून. म्हटलं, आणलं पुढच्या बेडवर आणि लगेच हे.

नऊ नंबरचा पेशंट पालथा होता. फुप्फुसांना जरा मोकळीक मिळावी म्हणून त्या दिवसांत बहुतेकांना पालथंच घालत. तोंडात नळी, तोंडाभोवती पट्ट्या, सुजून दुप्पट झालेला चेहरा उशीत रुतलेला. मनगटावरची नावाची पट्टी सलाइनच्या चिकटपट्टीखाली गेलेली. उरली पाठ. पाठीवरून माणूस ओळखतो कोण? मी बेडच्या कडेला गुडघ्यांवर बसले, त्याचा डावा हात डोक्याकडे वर करून ठेवला आणि “भाऊजी, मी आलेय हं” असं म्हणून गादी आणि छाती यांच्या फटीत प्रोब, म्हणजे मशीनचा छातीला टेकवायचा दांडा, सरकवला.

पडद्यावर चित्र आलं आणि मला घाम फुटला, म्हणजे होता त्यावर आणखी फुटला. उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा झाला होता. मधला पडदा डावीकडे रेटला गेला होता. एवढं स्पष्ट चित्र महिन्यात पाहिलं नव्हतं. एका झडपेच्या मुळाशी कॅल्शियमचा चुना साचलेला, पाटीवर खडूचा बारका तुकडा चिकटून राहावा तसा. भाऊजींच्या झडपेला चुना आहे हे मला ठाऊक नव्हतं. साऱ्या जगाचे इको केले, पण त्यांचा कधी केला नव्हता. “माझ्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कशाला कळायला हवं?” म्हणून ते पळ काढायचे. मी नंबर टाकला, ९, आणि त्यांच्या पाठीवर मोज्यातला हात ठेवून म्हणाले, “काळजी करू नका. मी बघते.”

बाकीचे तिघे दुसऱ्या वॉर्डांत होते, तिथे मशीन नेऊन ते उरकले. चार नंबर त्या दिवशी यादीत नव्हता. बाहेर येऊन आंघोळ, कपडे, यात सव्वाअकरा झाले. भिंतीवरची यादी बघितली. नऊ नंबरपुढे भाऊजींचं नाव होतं, ताज्या शाईत. मी मशीनमध्ये ते नाव भरलं, त्यांचा बारा आकडी नंबर दोनदा तपासून भरला आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले.

ते पडद्यावरची चित्रं मागेपुढे करत बसले.

“गुठळी वाटते खरी,” ते म्हणाले.

“वाटते काय सर? उजवी बाजू केवढी फुगलीय बघा. गुठळी विरघळायचं औषध द्यायला हवं. आत्ता.”

“त्या औषधाचं माहीत आहे ना तुम्हाला? मेंदूत रक्तस्राव झाला तर काय करणार? थोडं थांबू या. त्यांना पाठीवर घेतील, तेव्हा पुन्हा एकदा इको करा. चित्र पक्कं झालं की देऊ.”

माझं डोकं फिरलं. पाच महिने तो सूट घालून मी मरणाच्या दारात जात होते आणि हा माणूस स्वच्छ खोलीत बसून ‘थांबू या’ म्हणत होता.

“तुमच्या घरचं कुणी असतं तर थांबला असतात?”

“अहो, तसं नाही...”

“बावीस वर्षांत मी तुमच्याकडे एक गोष्ट मागितलीय का? माझं चित्र कधी चुकलंय?”

ते म्हणाले, “नाही, चुकलेलं नाही.” त्यांनी आत फोन लावला. आतला डॉक्टर म्हणाला, नऊ नंबरचा ऑक्सिजन खाली चाललाय. सगळं जुळलं. थांबूयांनी सुस्कारा टाकला आणि सही केली. आयुष्यभर ज्या माणसाच्या थांबण्याला मी हसले, त्याचं त्या एका दिवशी ऐकायला हवं होतं.

दुपारी एक वाजता औषध दिलं. मी जावेला फोन करून सांगितलं, “गुठळी सापडली, औषध सुरू झालं, आता बघ.” ती “तुम्ही आहात म्हणून, ताई” एवढंच म्हणत राहिली.

संध्याकाळी सहाला मोठ्या सिस्टरांचा फोन आला. भाऊजींच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती आणि तिच्यावर उजेड टाकला तरी ती लहान होत नव्हती. याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मेंदूत रक्त उतरलं होतं. घरी मी “जरा गुंतागुंत झालीय” असं म्हणाले. जावेने पुढे काही विचारलं नाही, आणि मी त्याबद्दल मनातल्या मनात तिचे आभार मानले.

सकाळी मी स्वतःहून आत गेले. निदान गुठळी तरी विरघळली का, बघायचं होतं. काहीतरी बरं झालेलं मला डोळ्यांनी बघायचं होतं. भाऊजी पाठीवर होते. या वेळी चेहरा दिसत होता, आणि सुजलेला असला तरी तो मला ओळखू आला. मी प्रोब ठेवला.

हृदय छान होतं. उजवा कप्पा लहानसा, नीटस, मधला पडदा सरळ. क्षणभर मला आनंद झाला, की औषधाने काम केलं. मग मी झडप बघितली. चुना नव्हता. मी कोन बदलला, पुन्हा बदलला, पाच मिनिटांची दहा झाली. झडप नव्या कागदासारखी स्वच्छ. रक्ताची गुठळी औषधाने विरघळते, चुना कुठल्याही औषधाने विरघळत नाही. काल पाहिलेलं हृदय हे नव्हतं. हे हृदय मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मोठ्या सिस्टर काउंटरवर काहीतरी लिहीत होत्या. मी जवळ गेले.

“सिस्टर, काल बेड किती वाजता बदललेत?”

“अकराला. सकाळी माणसंच नव्हती हो, रात्रपाळीच्या दोघी आजारी पडल्या. पेशंटना पाठीवर घ्यायचं होतंच, तेव्हाच अदलाबदल केली. का?”

“सहज.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. दोन मास्क आणि एक काच यांच्या मागे माझं तोंड कसं झालं होतं, ते त्यांना दिसलं नसावं. किंवा दिसलं असेल. त्या पुन्हा लिहायला लागल्या.

मी खांबामागे गेले. चार नंबर. साठीचा माणूस, कपाळावर जुनी खोक. प्रोब ठेवला आणि खडूचा तुकडा समोर आला. उजवा कप्पा कालच्यापेक्षा जास्त फुगलेला. काल सकाळी याच माणसाला मी भाऊजी म्हणून हाक मारली होती, याच्याच पाठीवर हात ठेवून काळजी करू नका म्हणाले होते. मग याची गुठळी भाऊजींच्या नावावर चढवली, आणि याला इथे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक अख्खा दिवस तसाच टाकून दिला. सिस्टरांनी काल औषध देताना नाव वाचलं होतं, मनगटावरची पट्टी वाचली होती, दुसरीने ती पुन्हा वाचली होती. पेशंट बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर. फक्त हृदय दुसऱ्याचं होतं.

आता मी काय करायला हवं होतं, ते कुणीही सांगेल. डॉक्टरांकडे जाऊन सगळं ओकून टाकायचं. मी डॉक्टरांकडे गेले खरी, पण म्हणाले, “सर, चार नंबरमध्ये नवीन सापडलंय.”

त्यांनी चित्रं बघितली. “हे अगदी कालच्या नऊसारखंच दिसतंय.”

“या आजारात सारखंच दिसतं, सर.”

“काल एकाला रक्तस्राव झालाय. तेही तुमच्या घरचे. आज लगेच दुसऱ्याला तेच औषध द्यायचं? थोडं थांबू या.”

“याला थांबायला वेळ नाही. कालपासून उशीर झालाय.”

“कालपासून? काल तर तुम्ही चार नंबर बघितलाच नाहीत.”

“चेहऱ्यावरून म्हणतेय,” मी म्हणाले. मी, चेहऱ्यावरून! भाऊजी तिथे असते तर हसून लोळले असते.

डॉक्टरांना ते पटलं. माझं चित्र कधी चुकत नाही, हे त्यांनी आदल्याच दिवशी मान्य केलं होतं ना. चार नंबरला औषध मिळालं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा रक्तदाब वर आला.

भाऊजी तिसऱ्या दिवशी गेले. नियमाप्रमाणे त्यांना परस्पर नेलं. आम्हा दोघींना फाटकाबाहेरून गाडीचं मागचं दार तेवढं दिसलं.

अठरा दिवसांनी चार नंबर घरी निघाला. त्या काळात पेशंट घरी निघाला की सगळे दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवायचे. मला मुद्दाम बोलावून घेतलं. तो चाकाच्या खुर्चीत बसून आला, हात जोडत. त्याची मुलगी माझ्याजवळ आली, मला हात लावावा की नाही अशी घुटमळली आणि म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी पाहिलं नसतं तर माझे बाबा राहिले नसते. स्वतःच्या घरात एवढं घडत असताना तुम्ही माझ्या बाबांकडे बघितलंत.” मी म्हटलं, कामच आहे ते. तिचे डोळे भरून आले आणि मला तिची चीड आली. तिच्या बापाची आली, टाळ्या वाजवणाऱ्यांची आली. भाऊजींऐवजी हा का, असं सरळसरळ माझ्या मनात आलं. त्याने कुणाचंही काही घेतलं नव्हतं, त्याला तर बेडसुद्धा आम्हीच दिला होता. तो निघून गेला. दोन दिवसांनी सूचना फलकावर माझा फोटो लागला, खाली ‘प्रसंगावधान’ असं ठळक अक्षरांत. बेडचा नंबर टाकायची माझी युक्ती त्याच आठवड्यात मी स्वतः बंद केली. मुलींनी कारण विचारलं, तर मी त्यांच्यावर खेकसले.

घरी जावेने एक गोष्ट धरून ठेवली होती. ज्याचा फोन येईल त्याला ती तेच सांगायची. “जागा तरी चांगली मिळाली हो त्यांना शेवटी. अगदी सिस्टरच्या डोळ्यांसमोर होते. ताईंनी शब्द टाकला म्हणून. नाहीतर लोक तिथे कोपऱ्यात जातात, कुणाला पत्ताही लागत नाही.” मी स्वयंपाकघरात असले तरी ते ऐकू यायचं, खोलीत दार लावून बसले तरी ऐकू यायचं. मी गप्प राहायचे. सांगितलं तर ती खचेल, कारण बेड तिनेच मागितला होता. तेव्हा तिच्यासाठी म्हणून आपण हे पोटात ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. हे कारण मला किती सोयीचं आहे, तेही मला कळत होतं. जागी राहून रोज रात्री मी ते कारण उलटसुलट करून बघत असे.

भाऊजी गेल्यापासून एकविसाव्या दिवशी सुटी होती. जेवणं झाली होती. जाऊ तिच्या मावशीशी फोनवर बोलत होती आणि पुन्हा तेच सुरू झालं, जागा तरी चांगली मिळाली हो. मला असह्य झालं.

“फोन ठेव,” मी म्हणाले.

“काय झालं?”

“ठेव आधी.”

तिने फोन ठेवला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नऊ नंबर, चार नंबर, अकराची अदलाबदल, यादीवरून भरलेलं नाव, डॉक्टर थांबू या म्हणत असताना मी घातलेला वाद, चुना. तिला चुन्याचं समजेना, तर ते पुन्हा सांगितलं. तिचे हात मांडीवर, डोळे माझ्यावर. सांगून झाल्यावर मी खुर्चीत बसले.

“तो माणूस घरी गेला?” तिने विचारलं.

“गेला.”

“त्याच्या मुलीला सांगितलंत हे?”

“नाही.”

“तुमच्या डॉक्टरांना?”

“नाही.”

“मग मलाच का सांगितलंत?”

“तुला कळायला हवं,” मी म्हणाले. “तुझा हक्क आहे.”

“मी मागितला होता का हक्क?” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मी बेड मागितला होता. तुम्ही नाही म्हणत होतात, मी हट्ट धरला. तुम्हाला हे माहीत होतं ना, ताई?”

“चूक माझी आहे. तुझा काही संबंध नाही.”

“ते तुम्ही म्हणणारच. आता जन्मभर म्हणाल.” ती उठली, पदराने तोंड पुसलं. “माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती. निदान चांगल्या जागी गेले, एवढी. तीही काढून घेतलीत. तुमचं मोकळं झालं सगळं. आज तुम्हाला झोप लागेल. माझी गेली.”

“अगं, ऐक तरी...”

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं आणि आतून कडी घातली. मी दारापाशी बराच वेळ उभी राहिले. दोनदा हात वर केला, वाजवलं नाही. मग ओटा पुसला, भांडी जागेवर लावली, दिवे मालवले आणि अंथरुणावर पडले. भिंतीपलीकडे ती येरझाऱ्या घालत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी थोडा वेळ तिची पावलं ऐकली, आणि मग मला गाढ झोप लागली.